सोसण्याची मुदत

सहनशीलता हा गुण आपल्या घरांतून जितक्या आदरानें शिकविला जातो, तितका दुसरा क्वचितच शिकविला जात असेल. मोठ्या कुटुंबांत दहा माणसें आणि दहा स्वभाव. तेथें प्रत्येकानें थोडेंबहुत गिळल्यावांचून घर चालत नाहीं, हें आम्हांसहि मान्य आहे. परंतु सोसणाऱ्याची स्तुति करतांना दोन प्रश्न आपण बहुधा विचारीत नाहीं. हें सोसणें कोणीं मागितलें, आणि तें कोठवर चालावयाचें? या दोन्ही प्रश्नांवर एका परदेशीय खेळाडूच्या चरित्रांतून फार चांगला प्रकाश पडतो, म्हणून या महिन्यांत तें चरित्र वाचकांपुढें ठेवण्याचें आम्हीं योजिलें आहे.

हा खेळाडू म्हणजे अमेरिकेंतील बेसबॉलपटु जॅकी रॉबिन्सन. त्याचें नांव आमच्या पुष्कळ वाचकांच्या कानांवरून गेलें असेल. पण त्याची जी कथा सांगण्यांत येते ती बहुधा अर्धीच असते. गोऱ्यांनीं शिव्या दिल्या, त्यानें त्या मुकाट्यानें सोसल्या आणि शेवटीं तो विजयी झाला, येथें ती संपते. पुढची अर्धी कथा न सांगितल्यामुळें पहिल्या अर्ध्या कथेचाहि अर्थ बिघडतो.

प्रथम खेळाविषयीं दोन शब्द. बेसबॉल हा क्रिकेटचा दूरचा भाऊबंद म्हणावा असा खेळ आहे. प्रत्येक बाजूस नऊ खेळाडू असतात. मैदानांत एक चौरस आंखलेला असून त्याच्या चार कोपऱ्यांवर चार ठाणीं असतात. एका ठाण्यापासून पुढच्या ठाण्यापर्यंत ९० फूट अंतर असतें. घरच्या ठाण्यावर उभा राहून फलंदाज चेंडू टोलवितो, आणि बाकीचीं तिन्ही ठाणीं ओलांडून तो पुन्हां घरच्या ठाण्यास पोंचला म्हणजे एक धांव होते. कधीं कधीं, ठाण्यावर थांबलेला खेळाडू गोलंदाजाच्या हातून चेंडू सुटण्याच्या सुमारास धांवत सुटतो आणि पुढचें ठाणें गांठतो. यास तिकडे ठाणें चोरणें म्हणतात. त्यांतहि घरचें ठाणें चोरणें सर्वांत धाडसाचें, कारण चेंडूहि त्याच ठाण्याकडे येत असतो. रॉबिन्सनला ही विद्या विशेष साधली होती. मेजर लीगच्या दहा वर्षांच्या कारकीर्दींत त्यानें घरचें ठाणें १९ वेळां चोरलें.

मेजर लीग म्हणजे या खेळांतील सर्वांत वरच्या दर्जाचे संघ. १८८४ सालानंतर या संघांतून एकहि कृष्णवर्णीय खेळाडू उघडपणें खेळला नव्हता. आश्चर्य हें कीं, त्यांना घेऊं नये असा नियम कोठल्याहि पुस्तकांत लिहिलेला नव्हता. लिहिलेला नियम वाचतां येतो, त्याविरुद्ध अर्ज करतां येतो, तो रद्द करवितां येतो. न लिहिलेल्या नियमाला कर्ता नसतो. मालकांनीं खेळाडूंकडे बोट दाखवावें, खेळाडूंनीं प्रेक्षकांकडे, आणि प्रेक्षकांनीं चालत आलेल्या रीतीकडे. अशा रीतीनें सुमारें ६० वर्षें लोटलीं. कृष्णवर्णीय खेळाडूंनीं आपले निराळे संघ काढले, निराळ्या स्पर्धा चालविल्या, आणि त्यांत एकाहून एक नामांकित खेळाडू निपजले. पण पगार थोडा, प्रवास अखंड, आणि पुष्कळ गांवांत उतरण्यास जागा मिळावयाची नाहीं, असें त्यांचें जिणें होतें.

जॅक रूझवेल्ट रॉबिन्सन याचा जन्म ३१ जानेवारी १९१९ रोजीं जॉर्जिया राज्यांतील केरो येथें झाला. पांच भावंडांत तो सर्वांत धाकटा. बाप दुसऱ्याच्या जमिनीवर वाट्यानें शेती करी. जॅकी तान्हा असतांनाच तो घर सोडून गेला. आई मॅली हिनें १९२० सालीं पांचहि मुलें बरोबर घेऊन कॅलिफोर्नियांतील पॅसाडीना शहर गांठलें. लोकांच्या घरीं काम करून तिनें मुलें वाढविलीं आणि पेपर स्ट्रीट या गोऱ्यांच्या वस्तींत एक घर घेतलें. त्यांना तेथून हुसकून लावण्याची खटपट शेजाऱ्यांनीं केली, पण ती बाई जागची हलली नाहीं. जॅकी आठ वर्षांचा असतांना समोरच्या घरांतील मुलीनें त्याला रंगावरून शिवी दिली. त्यानें उलट उत्तर दिलें. मुलीचा बाप बाहेर आला आणि त्या प्रौढ गृहस्थाची व या पोराची चक्क दगडफेक जुंपली. शेवटीं त्या गृहस्थाच्या बायकोनेंच नवऱ्याला खडसावून तें भांडण मिटविलें. मुकाट्यानें ऐकून घेणें हें जॅकीच्या पिंडांत नव्हतें, एवढें वाचकांनीं ध्यानांत ठेवावें.

त्या शहरांतील सार्वजनिक पोहण्याच्या तलावावर कृष्णवर्णीय मुलांस आठवड्यांतून एकच दिवस मोकळीक असे. जॅकीचा थोरला भाऊ मॅक यानें १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्यें २०० मीटरच्या शर्यतींत जेसी ओवेन्सच्या पाठोपाठ दुसरा क्रमांक मिळविला. हा रौप्यपदकाचा मानकरी घरीं परतल्यावर त्याच्या वांट्यास आलेलें काम रस्ते झाडण्याचें होतें. कर्तबगारी दाखविली म्हणजे मान आपोआप मिळतो, हें सुभाषित खोटें असल्याचें जॅकीला घरांतच कळून चुकलें होतें.

लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठांत त्यानें बेसबॉल, बास्केटबॉल, फुटबॉल आणि मैदानी शर्यती या चारहि खेळांत विद्यापीठाचा मान मिळविला. तसें करणारा तो तेथील पहिलाच विद्यार्थी. रेचेल आइसम हिची व त्याची ओळख तेथेंच झाली. १९४२ सालीं त्याला सैन्यांत बोलावणें आलें आणि पुढच्या वर्षीं तो सेकंड लेफ्टनंट झाला. ६ जुलै १९४४ रोजीं टेक्सासमधील कँप हूड या लष्करी तळावर तो बसमध्यें बसला असतां, मागच्या बांकावर जा, असा हुकूम चालकानें सोडला. रॉबिन्सननें साफ नकार दिला. प्रकरण लष्करी न्यायालयांत गेलें, आणि २ ऑगस्ट रोजीं त्याची निर्दोष सुटका झाली. बसमधील जागेसाठीं नोकरी व अब्रू दोन्ही पणास लावणारा हा तरुण होता.

१९४५ सालीं तो कॅन्सस सिटी मॉनर्क्स या कृष्णवर्णीयांच्या संघांतून खेळूं लागला. त्याच वर्षीं २८ ऑगस्ट रोजीं ब्रुक्लिन डॉजर्स या मेजर लीगमधील संघाचा कारभारी ब्रँच रिकी यानें त्याला आपल्या कचेरींत भेटीस बोलाविलें. रिकी हा मोठा धार्मिक गृहस्थ. रविवारीं तो सामन्यास जात नसे. पण तो तितकाच व्यवहारीहि होता. कृष्णवर्णीयांतील गुणी खेळाडू प्रथम जो घेईल त्याचा संघ बलवान् होईल आणि तिकिटें अधिक खपतील, हा हिशेब त्यानें केलेला होता. मॉनर्क्स संघाला या खेळाडूबद्दल त्यानें एक डॉलरहि दिला नाहीं. तेव्हां त्याला निव्वळ साधु ठरविण्याची आवश्यकता नाहीं. धर्मबुद्धि आणि व्यवहारबुद्धि एका माणसांत नांदतांना आपण नेहमींच पाहतों.

ती भेट सुमारें तीन तास चालली. रिकी अंगांतला कोट काढून, कधीं उर्मट हॉटेलवाला, कधीं प्रतिपक्षाचा खेळाडू, तर कधीं शिवराळ प्रेक्षक अशीं सोंगें घेऊन, रॉबिन्सनच्या तोंडावर घाणेरड्या शिव्यांचा भडिमार करीत होता. उलट लढावयास भिणारा माणूस आपणांस हवा आहे काय, असें रॉबिन्सननें विचारलें. उलट न लढण्याइतकी छाती असलेला माणूस मला पाहिजे, असा रिकीच्या उत्तराचा आशय होता. एकदां जरी हात उचलला गेला तरी अलिखित नियमाच्या कैवाऱ्यांना हवें तें निमित्त मिळेल आणि दार पुन्हां २० वर्षें बंद होईल, अशी त्याला भीति होती. रॉबिन्सननें विचार केला आणि अट पत्करली. ३,५०० डॉलर रोख आणि दरमहा ६०० डॉलर पगार ठरला.

या प्रसंगांतील एक बारकावा बहुतेक सांगणारे गाळतात. हा मौनाचा करार मुदतीचा होता. पाय रोवले जाईपर्यंतचीं कांहीं वर्षें, साधारणपणें तीन, गप्प बसावयाचें. पुढें तोंड मोकळें. रिकीनें आजन्म मुकेपणा मागितला नव्हता आणि रॉबिन्सननें तो देऊं केला नव्हता.

पहिलें वर्ष डॉजर्सच्या हाताखालील माँट्रियल रॉयल्स या संघांत काढावयाचें होतें. १० फेब्रुवारी १९४६ रोजीं जॅकी व रेचेल यांचा विवाह झाला आणि त्या महिन्याच्या अखेरीस तीं दोघें सरावासाठीं फ्लॉरिडाकडे निघालीं. निघतांना मॅलीनें बुटांच्या खोक्यांत बांधून दिलेली शिदोरी नव्या सुनेला जरा गांवढळ वाटली होती. पण न्यू ऑर्लिअन्स येथें विमानांतून उतरविलें गेल्यावर आणि कोठें बसून जेवूं देईनात तेव्हां तीच शिदोरी कामास आली. पुढें पेन्साकोला येथें दुसऱ्यांदा त्यांना विमानांतून उतरविलें. शेवटीं बसनें जावें लागलें, आणि तेथें चालकानें त्यांना मागच्या बांकावर पिटाळलें. दोनच वर्षांपूर्वीं याच कारणावरून लष्करी न्यायालयापुढें उभा राहिलेला माणूस या वेळीं निमूटपणें उठून मागें गेला. अंधारांत रेचेल रडत होती. नवऱ्याला दिसूं नये एवढीच तिची काळजी. सोसण्याचें मोल काय असतें हें समजण्यास त्या रात्रीचा तो प्रवास पुरेसा आहे. आणि तें मोल एकटा खेळाडूच देत नव्हता. त्याची अर्धांगी न मागतांच त्यांत भागीदार झाली होती.

१८ एप्रिल १९४६ रोजीं जर्सी सिटी येथें माँट्रियलतर्फें खेळलेल्या पहिल्याच सामन्यांत रॉबिन्सननें पांच संधींपैकीं चार वेळां चेंडू यशस्वीपणें टोलविला आणि चार धांवा काढल्या. हंगामाच्या शेवटीं त्या स्पर्धेंत फलंदाजींत तो पहिला आला आणि त्याचा संघ अजिंक्य ठरला. त्या दिवशीं माँट्रियलचे प्रेक्षक आनंदानें बेभान होऊन रस्त्यांतून त्याच्या मागें धांवले. ज्या काळीं कृष्णवर्णीयाच्या मागें गोऱ्यांचा जमाव धांवला म्हणजे तो प्राण घेण्यासाठींच, असा समज होता, त्या काळांतील ही गोष्ट आहे.

१५ एप्रिल १९४७ रोजीं ब्रुक्लिनमधील एबेट्स फील्डवर तो डॉजर्सतर्फें प्रथम उतरला. पाठीवर ४२ हा आंकडा होता. त्या दिवशीं त्याला एकहि चेंडू नीट टोलवितां आला नाहीं. तरी एक महत्त्वाची धांव त्यानें काढली आणि संघ ५ विरुद्ध ३ धांवांनीं जिंकला. तत्पूर्वींच त्याच्या स्वतःच्या संघांतील कांहीं खेळाडूंनीं त्याच्याविरुद्ध अर्ज करण्याचा घाट घातला होता. व्यवस्थापक लिओ डरोशर यानें तो मोडून काढला. मे महिन्यांत सेंट लुई येथील संघ संपाच्या विचारांत असल्याची वार्ता उठली, तेव्हां नॅशनल लीगचे अध्यक्ष फोर्ड फ्रिक यांनीं संप करणारांस बाहेर काढण्याची तंबी दिली.

सर्वांत वाईट प्रसंग एप्रिलच्या २२ तारखेस आला. फिलाडेल्फिया संघाचा व्यवस्थापक बेन चॅपमन आणि त्याचे खेळाडू यांनीं बाकावरून रॉबिन्सनवर अशा कांहीं शिव्यांची सरबत्ती केली कीं, त्या लिहिण्याजोग्या नाहींत. त्या दिवशीं आपण कोसळण्याच्या अगदीं बेतांत होतों, आणि सरळ जाऊन एकाच्या तोंडांत भडकावून हा खेळ कायमचा सोडून द्यावा असें मनांत आलें होतें, असें त्यानें पुढें आत्मचरित्रांत नमूद केलें आहे. तो गप्प राहिला. पण त्याच मालिकेंत त्याचा सहकारी एडी स्टँकी, जो आरंभीं त्याच्या येण्यावर मुळींच खूष नव्हता, तो खवळून उठला. ज्याला उलट बोलतां येत नाहीं त्याच्यावर कसले गुरगुरतां, जो उत्तर देऊं शकेल अशाला शिव्या द्या, अशा अर्थानें त्यानें प्रतिपक्षास सुनावलें. पुढें वृत्तपत्रांतून ओरड झाली, तेव्हां चॅपमनची नोकरी वांचविण्यासाठीं दोघांचें एकत्र छायाचित्र काढण्याची टूम निघाली. एकच बॅट दोघांनीं धरलेलें तें छायाचित्र आजहि पाहावयास मिळतें. अपमान सोसावयाचा तो सोसावयाचाच, आणि वर अपमान करणाराचें पोट जाऊं नये म्हणून त्याच्या शेजारीं उभें राहावयाचें! एवढी किंमत एका माणसाकडून घेतली गेली.

आमच्या मतें त्या वर्षाचा खरा धडा स्टँकीच्या त्या वाक्यांत आहे. ज्याचें तोंड बांधलेलें आहे त्याच्या वतीनें बोलण्याचें कर्तव्य, ज्यांचें मोकळें आहे त्यांचें असतें. केंटकीसारख्या दक्षिणेकडील राज्यांत वाढलेला संघनायक पी वी रीस यानेंहि प्रेक्षक ओरडत असतां रॉबिन्सनच्या खांद्यावर हात ठेवून त्याच्याशीं गप्पा मारल्याची गोष्ट प्रसिद्ध आहे. ती नेमकी कोठें व केव्हां घडली याविषयीं मतभेद आहेत. परंतु रीस त्याचा मित्र झाला आणि शेवटपर्यंत राहिला, यांत वाद नाहीं. त्या हंगामांत रॉबिन्सननें १२५ धांवा काढल्या, २९ ठाणीं चोरून नॅशनल लीगमध्यें पहिला क्रमांक मिळविला, आणि नवोदित खेळाडूसाठीं त्याच वर्षीं सुरू झालेलें पारितोषिक पटकाविलें. जुलै महिन्यांत लॅरी डोबी हा क्लीव्हलँडच्या संघांत दाखल झाला आणि दुसऱ्या लीगमधील बंदीहि मोडली.

येथवरची कथा सर्वांना आवडते. आतां पुढची.

मुदत संपली. १९४९ च्या हंगामापासून रिकीनें त्याला मोकळीक दिली. रॉबिन्सन आतां पंचांशीं वाद घालूं लागला, प्रतिपक्षास ठणकावूं लागला, हॉटेलांतील भेदभावाविषयीं पत्रकारांपुढें स्पष्ट बोलूं लागला. त्याच वर्षीं त्याचा खेळ कळसास पोंचला. त्यानें ३४२ सहस्रांशांची सरासरी राखून फलंदाजींत पहिला क्रमांक मिळविला, ३७ ठाणीं चोरलीं, आणि नॅशनल लीगमधील सर्वोत्कृष्ट खेळाडूचा मान त्याला मिळाला. मनावरील दडपण गेल्यामुळें खेळ बहरला असें आम्ही छातीठोकपणें म्हणत नाहीं. पण बोलल्यानें तो बिघडला नाहीं, एवढें खास.

मात्र लोकांची मर्जी बिघडली. जोंवर तो गाल पुढें करीत होता तोंवर तो थोर, धीरोदात्त, आदर्श. तोंड उघडतांच तोच माणूस उद्धट, शेफारलेला, पायरी सोडून वागणारा ठरला. हा अनुभव त्यानें स्वतःच सांगून ठेवला आहे. बोलणारीं तोंडें तींच होतीं. यावरून पूर्वीची स्तुति नेमकी कशाची होती हें उघड होतें. त्याच्या धैर्याचें कौतुक करणारांपैकीं कित्येकांस त्याचें धैर्य नव्हे, तर त्याचें गप्प बसणें सोयीचें होतें.

१९५५ सालीं ब्रुक्लिनच्या संघानें जागतिक मालिका म्हणून ओळखली जाणारी अंतिम स्पर्धा न्यू यॉर्क यांकीजविरुद्ध जिंकली. ब्रुक्लिनच्या इतिहासांतील तो एकच असा विजय. त्या मालिकेंतील पहिल्या सामन्यांत ३६ वर्षांच्या रॉबिन्सननें घरचें ठाणें चोरलें. पंचांच्या निर्णयावर यष्टिरक्षक योगी बेरा जो चवताळला, तो अखेरपर्यंत रॉबिन्सन बाद होता असेंच म्हणत राहिला. १९५६ च्या अखेरीस संघानें त्याला दुसऱ्या संघास देऊन टाकण्याचें ठरविलें. पण त्यापूर्वींच त्यानें निवृत्त होण्याचा निश्चय केला होता. १९६२ सालीं कूपरस्टाउन येथील बेसबॉलच्या सन्मानमंदिरांत त्याचें नांव लागलें.

निवृत्तीनंतर तो एका कॉफी कंपनीचा उपाध्यक्ष झाला, नागरी हक्कांच्या चळवळीसाठीं त्यानें निधि जमविला, आणि १९६४ सालीं न्यू यॉर्कमधील हार्लेम भागांत कृष्णवर्णीयांच्या मालकीची एक बँक उभी करण्यांत पुढाकार घेतला. मे १९५८ मध्यें अध्यक्ष आयसेनहॉवर यांनीं कृष्णवर्णीय पुढाऱ्यांच्या सभेंत त्यांना धीर धरण्याचा उपदेश केला. रॉबिन्सन सभेस हजर होता. दुसऱ्याच दिवशीं त्यानें अध्यक्षांस पत्र धाडलें. आम्ही आजवर सर्वांहून अधिक धीर धरलेले लोक आहों. आतां आणखी धीर धरा असें आम्हांस सांगणें म्हणजे आमच्या हक्कांच्या आड येणारांस बळ देणें होय, असा त्या पत्राचा मथितार्थ होता. धीर म्हणजे काय हें ज्यानें स्वतःच्या अंगावर भोगून दाखविलें होतें, त्यानें हें लिहावें, याला विशेष अर्थ आहे.

त्याचे सर्वच निर्णय अचूक होते असें नव्हे. १९६० च्या निवडणुकींत त्यानें निक्सन यांचा पुरस्कार केला, आणि पुढें त्याचा त्याला पश्चात्ताप झाला. संसारांतहि दुःखें आलीं. थोरला मुलगा व्हिएतनामच्या युद्धांत जखमी होऊन परतला आणि व्यसनाच्या आहारीं गेला. मोठ्या कष्टानें तो त्यांतून बाहेर पडला आणि इतरांस व्यसनमुक्त करण्याच्या कामास लागला. इतक्यांत १९७१ सालीं मोटारीच्या अपघातांत तो वारला. वडिलांना मधुमेहानें ग्रासलें होतें. दृष्टि जवळजवळ गेली होती.

१५ ऑक्टोबर १९७२ रोजीं सिनसिनाटी येथें जागतिक मालिकेच्या वेळीं, त्याच्या पदार्पणास २५ वर्षें झाल्यानिमित्त, त्याचा सत्कार झाला. अशा प्रसंगीं आभार मानून खालीं बसण्याची रीत आहे. त्यानें आभार मानले, आणि एकाद्या संघाचा व्यवस्थापक म्हणून कृष्णवर्णीय माणूस दिसेल त्या दिवशीं आपणांस अधिक अभिमान वाटेल, हेंहि तेथेंच सांगून टाकलें. नऊ दिवसांनीं, २४ ऑक्टोबर रोजीं, वयाच्या ५३ व्या वर्षीं तो निवर्तला. १९७५ सालीं फ्रँक रॉबिन्सन हा क्लीव्हलँड संघाचा व्यवस्थापक झाला, तेव्हां ती इच्छा पुरी झाली. १९७३ सालीं रेचेलनें पतीच्या नांवानें संस्था काढून गरजू विद्यार्थ्यांस शिष्यवृत्त्या देण्याचें कार्य आरंभिलें. १९९७ सालीं ४२ हा आंकडा सर्व संघांतून राखून ठेवण्यांत आला, आणि २००९ पासून दरवर्षीं १५ एप्रिलला मेजर लीगचे सर्व खेळाडू तोच आंकडा पाठीवर घालूं लागले.

असले अलिखित नियम आपल्याकडे नव्हते असें म्हणण्याची सोय नाहीं. पुण्यामुंबईच्या मैदानांवर या शतकाच्या पूर्वींच्या शतकांत बाळू पालवणकर यांची गोलंदाजी गाजली. १९११ च्या इंग्लंडच्या दौऱ्यांत तर त्यांनीं शंभराहून अधिक बळी घेतले. पण ते चांभार जातींत जन्मलेले. मैदानावर चेंडू त्यांच्या हातचा चाले, आणि चहाच्या वेळीं त्यांचा पेला मात्र बाहेर व वेगळा. हिंदूंच्या संघाचें नायकत्व त्यांना कधींच मिळालें नाहीं. तें १९२३ सालीं त्यांचे धाकटे बंधु विठ्ठल यांस मिळालें. तो पेला वेगळा ठेवणारे आपल्यासारखेच सुशिक्षित घरांतील लोक होते, हें विसरून रॉबिन्सनच्या चरित्राचें कौतुक करणें आम्हांस प्रशस्त वाटत नाहीं.

आणि मैदानावरच कशाला? घरांत नवी आलेली सून, शिक्षणासाठीं येऊन राहिलेला दूरच्या नात्यांतील मुलगा, वर्षानुवर्षें कामास येणारी बाई, यांच्या सोशीकपणाचे गोडवे आपण गातों. सून गरीब गाय आहे, शब्दास शब्द देत नाहीं, असें कौतुकानें सांगतों. आणि पांच वर्षांनीं तिनें एकादा शब्द बोलतांच, अलीकडे बदलली, असेंहि तितक्याच सहजपणें म्हणतों. ती बदललेली नसते. मुदत संपलेली असते. फक्त ती ठरविण्याचें सौजन्य आपण दाखविलेलें नसतें.

रिकीनें निदान तीन गोष्टी केल्या होत्या. काय सोसावें लागेल हें त्यानें आधींच उघड सांगितलें. तें किती दिवस, याची मर्यादा घातली. आणि मर्यादा संपल्यावर आपला शब्द पाळला. घरांतील वडीलधाऱ्यांनीं कोणाकडून सहनशीलतेची अपेक्षा करण्यापूर्वीं या तीन गोष्टी आपल्या हातून होतात कीं नाहीं हें पाहावें. चवथी गोष्ट स्टँकीची: ज्याला बोलतां येत नाहीं त्याच्या बाजूनें घरांतील दुसऱ्या कोणीं तरी बोलावें. नणंदेनें भावजयीसाठीं बोलावें, दिरानें बोलावें, आणि नवऱ्यानें तर अवश्य बोलावें. तसें झालें तर सोसणाऱ्याचें ओझें हलकें होईल, आणि मुदत संपल्यावर तिनें काढलेला पहिला शब्द ऐकून घेण्याची तयारीहि घराला आपोआप होईल.